तू तठे जाईसन काय सांगशी?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी साक्री तालुक्यात पांझरेच्या काठावरच्या एका गावाची सरपंच. वय ३१, शिक्षण बी. ए., लेक पहिलीत आहे. मागच्या महिन्यात मला एका परदेशी संस्थेचं निमंत्रण आलं. 'पाणी आणि स्थानिक कारभार' या विषयावर तीन आठवड्यांचा कार्यक्रम आहे, दहा-बारा देशांतली माणसं येणार आहेत. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण सगळं त्यांच्याकडे. पाणलोटाच्या एका प्रशिक्षणात भेटलेल्या मॅडमनी माझं नाव सुचवलं म्हणे. पत्रात दोनदा लिहिलंय की कार्यक्रम बिगरपक्षीय आहे, आणि तिथलं बोलणं 'चॅथम हाऊस नियमा'खाली राहील.

आनंद झाला तो दोनच दिवस टिकला. सासरे एका पक्षाचे तालुका पदाधिकारी आहेत. ते म्हणतात, वरच्या लोकांना काय वाटेल? समोरच्या पॅनलनं गावात उठवलं की सरपंचबाई फॉरेनचा पैसा घेते. नवरा म्हणतो जा, पण दबक्या आवाजात. येणाऱ्या देशांच्या यादीत पाकिस्तान आहे हे कळल्यावर भावानं फोनच ठेवला. बोलणं गुप्त ठेवायचं म्हणजे काय, याचीही मला भीती वाटते. इंग्रजी वाचता येतं, बोलताना जीभ अडखळते. आणि सासूबाई रोज एकच विचारतात, "तू तठे जाईसन काय सांगशी?" त्याला माझ्याकडे उत्तर नाही. जाऊ की नको?

– एक सरपंच, साक्री तालुका

सरपंचबाई,

वयानं तुम्ही माझ्या लेकीएवढ्या, तरी गावानं खुर्चीवर बसवलेल्या बाईला 'तू' म्हणायला माझं मन घेत नाही. म्हणून तुम्हीच म्हणते.

माझं उत्तर आहे, जा. पण जायच्या आधी दोन गोष्टी करा. एक अर्ज दिल्लीला आणि एक चहा गावात. चहाचं शेवटी सांगते.

अर्जाचं आधी, कारण तुमच्या पत्रात त्याबद्दल एक शब्दही नाही आणि वाचताना मला खरी काळजी तिथेच वाटली. परकीय योगदान विनियमन कायदा, २०१०, म्हणजे एफसीआरए, हा फक्त संस्थांच्या देणग्यांपुरता आहे असं आपल्याकडे बहुतेक जण समजतात. त्याचं कलम ६ मात्र माणसांबद्दल आहे. विधिमंडळाचा सदस्य, राजकीय पक्षाचा पदाधिकारी, न्यायाधीश, सरकारी नोकर यांनी परदेशात गेल्यावर तिथला पाहुणचार केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय घ्यायचा नाही, असं ते सांगतं. तुम्ही म्हणाल, मी कुठे आमदार? पण याच कायद्याच्या व्याख्येत 'विधिमंडळ' या शब्दाखाली संसद आणि विधानसभेबरोबर नगरपालिका आणि पंचायतसुद्धा धरली आहे. म्हणजे आमदाराला लागते ती परवानगी तुम्हालाही लागते. पाहुणचार म्हणजे नुसतं जेवणखाण नव्हे. येण्याजाण्याचं भाडं, फुकट राहणं, तिथला प्रवास, औषधपाणी, सगळं त्यात येतं. निव्वळ सहज केलेलं आदरातिथ्य तेवढं वगळलं आहे. आजारपण अचानक आलं आणि उपचार घ्यावे लागले तर त्यालाही सूट आहे, मात्र ते महिन्याच्या आत कळवावं लागतं.

अर्ज गृह मंत्रालयाकडे ऑनलाइन करायचा, फॉर्म एफसी-२, सोबत निमंत्रणाचं पत्र. निघायच्या किमान दोन आठवडे आधी तो पोचला पाहिजे. दोन आठवडे हे कमीत कमी, तुम्ही त्यावर विसंबू नका. आणि एक लक्षात ठेवा, परवानगी मिळते ती पाहुणचाराची. परदेशातून पैसे घेण्यावर लोकप्रतिनिधींना याच कायद्याच्या कलम ३ नं वेगळी बंदी आहे. तेव्हा संस्था मानधन देणार असेल, रोजच्या खर्चाला रोख देणार असेल, तर आधी लेखी विचारा आणि तेही अर्जात नीट मांडा. परवानगीचं पत्र आलं की त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. समोरच्या पॅनलशी वाद घालत बसायची गरज उरणार नाही. कागद भिंतीवर राहील, ज्याला वाचायचं तो वाचेल.

त्याही आधी निमंत्रण खरं आहे ना, ते बघा. माझ्या ओळखीतल्या एका पोराला असंच 'जागतिक युवा नेतृत्व परिषद' म्हणून पत्र आलं होतं. सोनेरी शिक्का, इंग्रजीत भारी मजकूर. नोंदणीचे म्हणून पैसे मागितले, बापानं कापूस विकून भरले. हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवस भाषणं ऐकवली, गळ्यात पदक घातलं, फोटो काढला आणि संपलं. बोलायची संधी एकालाही नव्हती. तुमच्या निमंत्रणात पैसे मागितलेले नाहीत, हे चांगलं लक्षण. तरी त्या देशाच्या मुंबईतल्या वकिलातीत फोन करून संस्थेचं नाव विचाराच. आधी कोण कोण जाऊन आलं तेही संस्थेकडे मागा. खरी संस्था असली तर जुन्या माणसांचे संपर्क आनंदानं देते.

आता खर्चाबद्दल. 'फॉरेनचा पैसा' हा प्रश्न विरोधकांनी वाईट हेतूनं विचारला असेल, पण प्रश्न म्हणून तो चुकीचा नाही. कुणी एवढा खर्च का करतं? तर त्यामागे त्यांचा हेतू असतोच, आणि चांगल्या संस्था तो लपवत नाहीत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा पाहुण्या नेत्यांचा कार्यक्रम १९४० पासून चालू आहे. त्याला अर्ज करता येत नाही, वकिलातीच नावं सुचवतात. त्यांचा हिशोब सरळ आहे. उद्या जी माणसं आपापल्या देशात निर्णय घेतील त्यांनी आज आपला देश जवळून बघावा. मार्गारेट थॅचर १९६७ साली याच कार्यक्रमातून अमेरिकाभर फिरल्या. तेव्हा त्या विरोधी बाकांवरच्या खासदार होत्या, पंतप्रधान झाल्या १९७९ मध्ये. यजमानांनी सत्तेतला माणूसच बोलावला असं नाही, हे यात बघण्यासारखं.

आपला देश तरी काय वेगळं करतो? भारत सरकारचा आयटेक कार्यक्रम १९६४ पासून आहे. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतले अधिकारी भारताच्या खर्चानं इथे येतात, शिकतात, आपल्याबद्दल चार बऱ्या गोष्टी घेऊन परत जातात. ते आपल्या पैशानं विकले गेले असं आपण म्हणत नाही. मैत्री वाढली म्हणतो. तेच माप तुमच्या जाण्यालाही लावायचं. पाहुणचार घेतला म्हणून मत देऊन टाकावं लागत नाही. फक्त जेवण कुणाच्या घरचं आहे याचं भान ताटावर बसताना असू द्या.

बिगरपक्षीय या शब्दावर मला जरा थांबायचं आहे. तुमचे सासरे आणि तुमचे विरोधक दोघेही त्याच शब्दाला घाबरलेत. मराठीत आपण तीन शब्द एकाच अर्थानं वापरतो आणि घोळ होतो. निष्पक्ष म्हणजे न्यायाधीशासारखा, दोन्ही बाजूंना सारखं मोजणारा. पक्षातीत म्हणजे पक्षांच्या पलीकडे गेलेला, हा शब्द बहुतेक सत्कारात ऐकू येतो. आणि बिगरपक्षीय म्हणजे एवढंच, की या टेबलावर कुठल्या पक्षाची भूमिका मांडायचं बंधन नाही आणि कुठल्या पक्षाचा फायदा करून घ्यायचा नाही. मतं सोडून या, असं तो शब्द म्हणत नाही.

तुम्हाला तर हे कुणी शिकवायला नको. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. कागदोपत्री तुम्ही कुठल्याच पक्षाच्या नाही, कपबशी किंवा शिट्टी असल्या कुठल्यातरी चिन्हावर निवडून आला असाल. तरी तुमचं पॅनल कुणाचं आणि समोरचं कुणाचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे कागदावरचा बिगरपक्षीय आणि वागण्यातला बिगरपक्षीय यातला फरक तुम्ही रोज बघता. तोच डोळा त्या संस्थेवर ठेवा. बोलावलेल्यांत वेगवेगळ्या विचारांचे लोक आहेत का? वक्ते सगळे एकाच सुरातले आहेत का? यजमान देशाच्या धोरणावर टीका करणारा माणूस कार्यक्रमात एखादा तरी ठेवलाय का? जर्मनीतल्या काही नावाजलेल्या प्रतिष्ठानांचं उदाहरण घ्या. कोनराड आडेनावर प्रतिष्ठान तिथल्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाच्या जवळचं, फ्रीडरिश एबर्ट प्रतिष्ठान सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या जवळचं. दोन्ही ते उघड सांगतात, दोन्हींना मोठा पैसा जर्मन सरकारी तिजोरीतून मिळतो, दोन्ही जगभर चर्चा घडवतात. झाकून ठेवलेल्या पक्षापेक्षा असा उघड सांगितलेला पक्ष मला कधीही चालेल.

सासऱ्यांना ही गोष्ट सांगा. अमेरिकेत तरुण राजकीय नेत्यांची एक परिषद १९६६ पासून आहे. ती परदेशी जाणारी तुकडी मुद्दाम दोन्ही पक्षांतून निवडते. घरी एकमेकांविरुद्ध उभी राहणारी माणसं परक्या गावात शेजारी बसून प्रवास करतात. अशा कार्यक्रमांत परदेशी माणसाइतकीच आपल्याच देशातल्या विरोधी पक्षाच्या माणसाशी ओळख होते, हे मी पाहिलंय. तुमच्याबरोबर भारतातून आणखी कुणी असेल तर तो तुमच्या सासऱ्यांच्या पक्षाचा नसण्याचीच शक्यता जास्त. हे त्यांना तुमच्या तोंडून आधी कळू द्या, फेसबुकवरच्या फोटोतून नंतर नको. मामंजींना न दुखावता सांगायचं तर निमंत्रण त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, वाचून बघा, तुम्हाला यात काय खटकतं ते सांगा. ज्याला आधी विचारलं त्याचा विरोध निम्मा होतो. आणि ते स्वतः पक्षाचे पदाधिकारी आहेत. उद्या त्यांना असं बोलावणं आलं तर कलम ६ त्यांनाही लागू आहे, हे ऐकून त्यांना तुमच्या अर्जात रस वाटेल.

चॅथम हाऊस नियमाला भिऊ नका. लंडनच्या ज्या संस्थेच्या इमारतीवरून हे नाव पडलं, ती १९२० साली स्थापन झाली, नियम १९२७ चा. नियम एका वाक्याचा आहे. तिथे जे ऐकलं ते बाहेर वापरायला तुम्ही मोकळ्या, पण ते कोण बोललं आणि तो कुठल्या संस्थेचा, हे सांगायचं नाही. बस. यात गुप्त काही नाही. माणसाला आपल्या सरकारच्या किंवा पक्षाच्या ओळीबाहेर जाऊन विचार बोलून बघता यावा, उद्या पेपरात नाव येईल म्हणून जीभ चावावी लागू नये, यासाठी तो आहे. आपल्याकडे पंच एखाद्या भांडणात दोघांना वेगवेगळं बसवून ऐकतात आणि चावडीवर निकाल सांगताना 'हा असं म्हणाला' म्हणत नाहीत, त्यातलाच प्रकार. म्हणजे परत आल्यावर ग्रामसभेला सगळं शिकलेलं सांगता येईल, नावं तेवढी पोटात ठेवायची.

आता पाकिस्तान. भावाचा राग मला समजतो, सीमेवर ज्यांची माणसं गेली त्यांच्यासमोर मी मान खालीच घालते. पण बोलणं आणि विसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडाच्या किनाऱ्यावर पगवॉश नावाचं एक छोटं गाव आहे. १९५७ साली तिथे दहा देशांतले २२ शास्त्रज्ञ जमले, त्यात अमेरिकन होते आणि रशियनही. अणुबॉम्बच्या शर्यतीचे ते दिवस. अट एकच होती, प्रत्येक जण स्वतःच्या नावानं बोलेल, सरकारच्या नावानं नाही. त्या बैठका वर्षानुवर्षं चालल्या. १९६३ च्या अणुचाचणी बंदी कराराची जमीन भुसभुशीत करण्यात त्यांचा वाटा मानला जातो, आणि १९९५ चं शांततेचं नोबेल पगवॉशला आणि तिथले एक संस्थापक जोसेफ रॉटब्लॅट यांना मिळून मिळालं. आपल्याकडे राजस्थानात नीमराणाच्या किल्ल्यात १९९१ साली भारत आणि पाकिस्तानातले निवृत्त अधिकारी, सेनानी, अभ्यासक असेच भेटले, आणि पुढेही भेटत राहिले. त्यातून तंटा मिटला नाही, हे खरं. मिटेल असं सांगून मी तुम्हाला पाठवत नाही.

माझं स्वतःचं सांगते. मी धुळ्यात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. नोकरीच्या मधल्या काळात एकदा युरोपातल्या एका संस्थेत पंधरा दिवसांच्या चर्चेला गेले होते. घोड्याच्या नालासारखं टेबल, प्रत्येकापुढे घडी घातलेलं पांढरं कार्ड, त्यावर नाव आणि खाली देशाचं नाव. दोन दिवस मी त्या कार्डामागे बसून राहिले. तोंड उघडलं नाही. सगळे मोठमोठ्या गोष्टी बोलत होते आणि 'इंडिया' लिहिलेल्या कार्डामुळे मला वाटायचं, मी बोलले तर सगळा देश बोलल्यासारखा होईल. एवढं ओझं कुणाला पेलेल? तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेन काढून 'इंडिया'च्या खाली 'धुळे' लिहिलं. लहान अक्षरांत. शेजारी सिंधमधला एक पाटबंधारे अभियंता बसायचा. त्यानं ते वाचलं आणि चहाच्या वेळी विचारलं, "धुळे में नहर है?"

मी म्हटलं, आहे. मग त्यानं चमच्याच्या मागच्या टोकानं मेजावरच्या कापडावर एक रेघ ओढली, तिला फाटे काढले, आणि शेवटच्या फाट्यावर चमचा ठेवून म्हणाला, टेलवाल्याला पाणी पोचत नाही, वरचे लोक आधीच फोडतात. 'टेल' हाच शब्द. आपल्या कालव्यावरचा शेतकरीसुद्धा तेच म्हणतो, टेलला पाणी येत नाही. पाणी पाळीपाळीनं देण्याला ते वाराबंदी म्हणतात, आपण शेजपाळी म्हणतो. अर्धा तास आम्ही पाण्याची पाळी, रात्रीचं पाणी, लाच घेणारा कर्मचारी यावर बोललो. दुसऱ्या दिवशी काश्मीरवर चर्चा झाली आणि आमचं एका अक्षरानंही जुळलं नाही. आवाज चढले. पण चढलेल्या आवाजातही तो मला 'धुळे' म्हणूनच हाक मारत होता. त्याचं नाव मी सांगणार नाही, नियम आहे. त्यानं काश्मीरबद्दल माझं मत बदललं नाही, मीही त्याचं नाही. तरी तेव्हापासून सिंधमध्ये पूर आल्याची बातमी ऐकली की माझ्या डोळ्यांपुढे आधी ती चमच्याची रेघ येते.

एक सावधगिरी तेवढी सांगते. देशाच्या धोरणाबद्दल कुणी विचारलं तर 'मी माझ्या गावाची सरपंच आहे, सरकारच्या वतीनं बोलायचा मला अधिकार नाही' हे वाक्य पाठ करून ठेवा. पटत नसेल ते शांतपणे 'पटत नाही' म्हणून सांगा. पाहुणी आहे म्हणून माना डोलवायच्या नाहीत. नंतर निवेदनावर सह्या मागितल्या तर वाचल्याशिवाय, आणि घरी विचार केल्याशिवाय सही नाही.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नका. दुभाष्या मिळेल का, असं आत्ताच लिहून विचारा. ते विचारण्यात कमीपणा नाही, बऱ्याच कार्यक्रमांत सोय असते. नसेल तर हळू बोला. अशा खोलीत निम्म्यांहून जास्त लोकांची मातृभाषा इंग्रजी नसते, आणि हळू बोलणाऱ्याचं सगळ्यांना समजतं.

राहिल्या सासूबाई. सगळ्या पत्रात मला सगळ्यात आवडलेला प्रश्न त्यांचा. तू तठे जाईसन काय सांगशी? फैजपूर आठवा. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या खान्देशात झालं. अध्यक्ष नेहरू. समोर बसलेला श्रोता बराचसा आसपासच्या गावांतला, आणि भाषणात स्पेनच्या यादवी युद्धाचा विषय होता. म्हणजे जगाच्या गोष्टी आपल्या मातीत याआधीही बोलल्या गेल्यात. त्या वेळी जग खान्देशात आलं होतं. आता खान्देशातून काहीतरी घेऊन जायची पाळी आहे, आणि पांझराकाठच्या बाईकडे घेऊन जायला जे आहे ते फार थोड्यांकडे असेल.

फड सांगा, आपली पाणी वाटून घ्यायची जुनी पद्धत. सासूबाईंनाच विचारा, त्यांनी लहानपणी बघितला असणार. नदीवर दगडी बंधारा, त्यातून उतारानं येणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कुठल्या फडात ऊस, कुठल्यात भुसार, पाणी कमी असलं तर कुठला फड कोरडा ठेवायचा, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं. बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात असायचा, त्यामुळे एखादा फड कोरडा ठेवला तरी एकट्याचं घर बुडायचं नाही. आणि पाणी शेतकऱ्यानं स्वतः घ्यायचं नाही. ते पाटकरी द्यायचा. त्याच्यावर हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला गाव द्यायचं. शेकडो वर्षं हे पांझरा आणि मोसम नद्यांच्या काठी चाललं. मग वर धरणं झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, ज्याच्या शेतात स्वतःचं पाणी त्याला बैठकीला यायची गरज उरली नाही, आणि बरेच फड मोडले.

सामाईक पाणी, कुरण, जंगल लोक स्वतः नियम करून कसं सांभाळतात, याच अभ्यासाला २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एलिनॉर ऑस्ट्रॉम. अर्थशास्त्रात नोबेल मिळालेल्या त्या पहिल्या बाई. त्या प्रश्नाचं एक जिवंत उत्तर तुमच्या गावच्या शिवारात पडून आहे. पण ते नुसतं मिरवायला नेऊ नका. आमची परंपरा किती थोर, असं भाषण तिथे सगळेच करतात आणि ऐकणारे वहीत फुलं काढतात. मोडलं कसं ते सांगा. शेवटची बैठक कधी झाली, कोण यायचं बंद झालं, कुठल्या वर्षी पाटकरी ठेवला नाही, हे गावातल्या म्हाताऱ्यांकडून विचारून तारखांसकट लिहून न्या. आणि मग त्यांना विचारा, तुमच्याकडे मोडलेलं परत कुणी उभं केलंय का? ज्या बाईकडे खरा प्रश्न असतो तिच्याभोवती चहाच्या वेळी माणसं आपोआप जमतात.

आणि बायकांचा भागही सांगा. फडाच्या जुन्या बैठकीत बायका बसत होत्या का, हे सासूबाईंना आवर्जून विचारा. मला त्याचं उत्तर माहीत करून घ्यायचंय, मला कळवा.

आता तो चहा. समोरच्या पॅनलचा जो मुख्य माणूस असेल, भाऊ असोत की आप्पा, त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बोलवा. घरी नको, घर सासऱ्यांचं आहे. परवानगीचा अर्ज आणि निमंत्रण दोन्ही त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, पाण्याबद्दल तिथे कुठला प्रश्न विचारून येऊ? ते कदाचित हसतील, टोमणा मारतील. प्रश्न देतील तोही तुम्हाला अडचणीत आणणारा देतील, वरच्या बाजूच्या विहिरींचा, किंवा तुमच्याच गटातल्या कुणी पाट बुजवला त्याचा. तोच लिहून घ्या आणि खरंच तिथे विचारा. आल्यावर ग्रामसभेत पहिलं उत्तर त्यांच्या प्रश्नाचं द्या, त्यांचं नाव घेऊन. इथे चॅथम हाऊसचा नियम नाही. तीन आठवडे कारभार उपसरपंचांकडे रीतसर लेखी सोपवा, मासिक सभेत नोंद करून घ्या. तेवढ्या गैरहजेरीनं पद धोक्यात येत नाही.

लेकीचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, त्यावरून तीच सगळ्यात जास्त मनात आहे असं वाटलं. तीन आठवडे म्हणजे एकवीस रात्री. तिला कॅलेंडर द्या, रोज एक चौकोन रंगवू दे. नवरा दबक्या आवाजात 'जा' म्हणतो ना, त्याला तिच्या डब्याचं आणि शाळेचं आत्तापासून शिकवा. आवाज आपोआप मोकळा होईल.

पत्रावर तारीख आहे, पण निघायचं कधी ते तुम्ही लिहिलेलं नाही. पासपोर्ट तयार आहे का तेही नाही. आधी तो बघा, मग एफसी-२ भरा, व्हिसाचं त्याच्या पाठोपाठ. निमंत्रणाची प्रत आणि अर्ज केल्याची पावती दोन्ही जपून ठेवा. फॉर्म भरताना कुठे अडलं तर या सदराच्या पत्त्यावर लगेच लिहा, पुढच्या आठवड्याची वाट बघू नका.

तुमची,
ताई